कार्ल्सबर्ग रिजवरचा ५.४ चा धक्का आणि अलर्टमधले ते '१० किलोमीटर'

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यातल्या एका ताईंच्या मोबाईलवर रात्री अलर्ट आला: कार्ल्सबर्ग रिज, ५.४, खोली १० किमी. त्यांचा धाकटा दीर मर्चंट नेव्हीत आहे, जहाज मोंबासाहून मुंद्र्याकडे निघालंय आणि नकाशावरची खूण नेमकी त्याच्या वाटेवर दिसते. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. 'उथळ भूकंप सगळ्यात धोकादायक' असं बातम्यांत ऐकलेलं. मग त्सुनामी येईल का, जहाजाला काही होईल का? सासूबाई रात्रभर जाग्या आहेत.

आधी सासूबाईंसाठीचं उत्तर देतो, मग बाकीचं. या धक्क्यामुळे दापोलीच्या किनाऱ्यावर काही येणार नाही, आणि दिराच्या जहाजालाही काही झालेलं नसणार. नुसता धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही. ५.४ च्या भूकंपात समुद्र उचलण्याएवढा जोरच नसतो. त्यांना एवढं सांगून झोपू द्या, पुढचं तुम्ही सवडीने वाचा.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यामागे एकच दिसतो. फोन असा वरचेवर वाजणार आहे. त्यातल्या कुठल्या वेळी उठून बसायचं आणि कुठल्या वेळी कूस बदलून झोपायचं? जगात ५ ते ५.९ मॅग्निट्यूडचे भूकंप वर्षाला तेराशे-दीड हजार होतात, म्हणजे दिवसाला तीन-चार. त्यातले बरेचसे समुद्राखाली, माणसांपासून शेकडो किलोमीटर लांब. प्रत्येकाची धास्ती घ्यायची म्हटलं तर घरात कुणालाच झोप लागायची नाही.

भूकंपलेख, म्हणजे जमिनीच्या थरथरीची यंत्राने काढलेली नोंद, वाचून केंद्रबिंदू, वेळ, खोली आणि मॅग्निट्यूड काढणं हे माझं रोजचं काम. त्या सवयीने एक सांगतो. अलर्टच्या ओळीत ठिकाण, मॅग्निट्यूड आणि खोली एकाच ठशात छापलेली असतात, म्हणून तिन्ही सारखीच पक्की वाटतात. ती तशी नसतात. आणि तुम्हाला ज्या आकड्याने सगळ्यात जास्त घाबरवलं, ते '१० किमी', तेच तिघांत सगळ्यात कच्चं असतं.

ठिकाणापासून सुरुवात करू. कार्ल्सबर्ग रिज ही अरबी समुद्राच्या तळावरची डोंगररांग. ओवेन फ्रॅक्चर झोन या समुद्रतळावरच्या लांब भेगेच्या दक्षिण टोकापासून ती आग्नेयेला विषुववृत्ताकडे जाते आणि पुढे हिंद महासागराच्या मधल्या रांगेला मिळते. नाव डॅनिश आहे. १९२८ ते १९३० या काळात डेन्मार्कचं 'डाना' हे जहाज जगभर समुद्राचा अभ्यास करत फिरलं, त्या मोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनचा पैसा होता. हो, तीच बिअरवाली कंपनी. या रांगेच्या एका अंगाला भारताची भूपट्टी (पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा), दुसऱ्या अंगाला सोमालियाची. दोघी एकमेकींपासून वर्षाला साधारण अडीच-तीन सेंटीमीटर लांब सरकतात, मधल्या फटीतून खालचा शिलारस वर येतो आणि थिजून नवा समुद्रतळ बनतो. २००३ च्या जुलैमध्ये संशोधकांना या रांगेच्या वर, खोल पाण्यात, सुमारे ७० किलोमीटर पसरलेला गरम पाण्याचा ढग सापडला होता. म्हणजे खालची भट्टी पेटलेली आहे. अशा जागी भूकंप होणं ही बातमीच नाही. वर्षानुवर्षं एकही झाला नाही तर आम्ही उपकरणं तपासू. कधी कधी तर ते घोळक्याने येतात. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या एडनच्या आखातात असाच घोळका आला होता, पाचच्या वरचे कितीतरी धक्के एकामागून एक. त्या दिवसांत तुमच्याकडे ते अॅप असतं तर फोन रात्रभर वाजत राहिला असता.

आता नकाशावरची खूण. अलर्टमध्ये जे प्रदेशाचं नाव येतं, ते जगाच्या एका ठरलेल्या यादीतून येतं. साऱ्या पृथ्वीचे ७५७ प्रदेश पाडलेत आणि त्यांच्या सीमा अक्षांश-रेखांशाच्या पूर्ण अंशांवरून जातात. अक्षांश-रेखांश कळले की संगणक त्या चौकटीचं नाव चिकटवतो. धक्का मुख्य रिजवर होता, तिला आडव्या छेदणाऱ्या भेगेवर होता की बाजूच्या पट्टीच्या पोटात, हे नावावरून कळत नाही. आणि खुद्द खूणही टाचणीच्या टोकाएवढी नेमकी नसते. आजूबाजूला जमीनच नसल्याने भूकंप नोंदवणारी जवळची केंद्रं म्हणजे सेशेल्स, जिबूती, मिनिकॉय, दिएगो गार्सिया अशी शेकडो किलोमीटर लांब. दोन संस्थांच्या खुणांत पंधरा-वीस किलोमीटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे 'नेमका दिराच्या वाटेवर' हे वाक्य सोडून द्या. त्याच्या वाटेच्या आसपास, इतकंच म्हणता येतं.

खोलीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घोळ तिथेच आहे.

भूकंप झाला की पहिल्यांदा पोहोचते ती पी लहर. मग येते एस. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून अंतर निघतं. दापोलीपासून तो धक्का साधारण अठराशे-दोन हजार किलोमीटरवर धरला तर पी लहर कोकणात चार मिनिटांत पोहोचते आणि एस तिच्या मागून तीन मिनिटांहून थोडी अधिक वेळाने. अनेक केंद्रांच्या वेळा जुळवल्या की केंद्रबिंदू आणि भूकंपाची वेळ मिळते. पण खोली? दूरच्या केंद्राकडे जाणारी लहर केंद्रबिंदूपासून खालच्या दिशेने निघते. भूकंप दहा किलोमीटर जास्त खोल असेल तर ती सेकंद-दीड सेकंद आधी पोहोचेल. आता भूकंपाचीच वेळ सेकंद-दीड सेकंद आधीची धरली, तरी सगळ्या दूरच्या केंद्रांवर तोच परिणाम दिसतो. संगणकाला यातलं खरं कुठलं हे ओळखता येत नाही. ते ओळखायला केंद्रबिंदूच्या अगदी डोक्यावर एखादं केंद्र लागतं, आणि तिथे तर तीनेक किलोमीटर खोल पाणी आहे.

मग विश्लेषक काय करतो? खोलीचा आकडा स्वतः ठरवून बांधून टाकतो. पूर्वी तो ३३ किलोमीटर असायचा, आता उथळ भूकंपांसाठी बहुतेक ठिकाणी १० असतो. आपल्याकडे जुन्या पिढीत ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही त्याच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजी १ जून लिहायचे, तसंच हे. अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून दिसली म्हणून त्या दिवशी काही विशेष घडलं असं कुणी समजत नाही. समुद्रातल्या भूकंपांच्या यादीत १०, १०, १० असं सलग दिसलं की तेच समजायचं. संस्था हे लपवत नाहीत. सविस्तर नोंदीत खोली 'स्थिर धरलेली' असा शेरा असतो. मोबाईलच्या एका ओळीत तो शेरा मावत नाही, एवढंच.

तरी काही मार्ग असतात. पी लहरीचा एक भाग केंद्रबिंदूपासून आधी वर जातो, पृष्ठभागावर आपटून परततो आणि मग दूरच्या केंद्राकडे निघतो. मूळ पी आणि हा परतलेला भाग यांच्यातलं अंतर मोजलं की खोली मिळते. खोल भूकंपात दोन्ही टोकदार, वेगवेगळे दिसतात. दहा किलोमीटरवर मात्र त्यांच्यात तीनेक सेकंदांचं अंतर उरतं, आणि ५.४ च्या भूकंपात खडक सरकायलाच दोनेक सेकंद लागतात. शिवाय वर समुद्र असल्यामुळे आणखी एक प्रतिध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून येतो, तो साधारण चार सेकंद उशिरा. पडद्यावर दिसतं काय, तर पहिल्या खुणेनंतर एकमेकांत मिसळलेली तीन-चार शेंडकं. यातलं कुठलं कशाचं, यावर दोन अनुभवी माणसं भांडू शकतात. जून ते सप्टेंबरमध्ये आणखी पंचाईत. पावसाळी समुद्राच्या लाटा सतत जमीन थरथरवत ठेवतात, किनाऱ्यालगतच्या केंद्रांचे भूकंपलेख त्या चार ते आठ सेकंदांच्या थरथरीने भरून जातात आणि छोटी पी लहर त्यात बुडते. फिल्टर लावून ती बाहेर काढावी लागते, आणि फिल्टर लावला की तिचा आकारही थोडा बदलतो.

मग तो उथळ होता हे तरी खात्रीने कसं सांगता, असं विचाराल. दोन गोष्टींवरून. एक, रिजच्या खाली जमीन तापलेली असते. तडकण्याइतका थंड आणि कडक थर वरचे काही किलोमीटरच असतो, त्याखाली खडक मऊ होऊन नुसता सरकतो. तिथे पन्नास किलोमीटरवर भूकंप व्हायला कडक खडकच नाही. दुसरं, भूकंपलेखाच्या शेपटीकडे पाहायचं. पी लहर लहानशी आणि तिच्या मागून, भूकंपानंतर आठ-नऊ मिनिटांनी, जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या लांबच लांब, सावकाश डुलणाऱ्या पृष्ठलहरी आल्या की भूकंप उथळ. खोल भूकंपात ती शेपूट जवळजवळ नसते. म्हणून अलर्टमधल्या '१० किमी'चा अर्थ इतकाच घ्यायचा: उथळ आहे, नेमकी खोली माहीत नाही, चार असेल, बारा असेल.

तुम्ही बातम्यांत ऐकलेलं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. शून्य ते ७० किलोमीटरपर्यंतचे सगळे भूकंप उथळ या एकाच खणात पडतात आणि जगातले बहुतेक भूकंप त्याच खणातले. उथळपणा मारतो तो वर माणसं आणि घरं असली तर. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, उथळ होता, आणि वर दगडमातीच्या भिंतींखाली झोपलेली गावं होती. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. उलट डहाणू-तलासरीकडे पाहा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास जे धक्के बसत राहिले, त्यातले मोठेसुद्धा चारच्या आसपासचे. पण ते लोकांच्या अंगणाखालीच होते, म्हणून भिंतींना तडे गेले आणि लोकांनी रात्री बाहेर काढल्या. कार्ल्सबर्गच्या ५.४ ने त्याहून शंभरेक पटींनी जास्त ऊर्जा सोडली असेल, आणि तो कुणालाही जाणवला नाही. त्याच्या वर तीन किलोमीटर पाणी आणि सगळ्यात जवळची भिंत शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे 'उथळ' हा शब्द वाचला की पुढचा प्रश्न असा विचारा: वर कोण राहतं?

मॅग्निट्यूडकडे वळतो. तिन्ही आकड्यांत हाच सगळ्यात कामाचा आणि बऱ्यापैकी भरवशाचा, पण पहिल्या दहा मिनिटांतला नव्हे. सुरुवातीचा आकडा संगणक आपोआप काढतो, नंतर माणूस तपासतो आणि तो ०.२-०.३ ने वरखाली होतो. वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या लहरींवरून मोजतात, म्हणून एकाकडे ५.२ आणि दुसऱ्याकडे ५.५ दिसलं तर कुणी खोटं बोलत नाही. ५.४ चा ५.७ झाला तरी माझं उत्तर तेच राहील. ५.४ चा ७.४ झाला तर बदलेल. पण इतका फरक तपासणीत निघत नाही.

पायरी किती मोठी असते हे लक्षात घ्या. मॅग्निट्यूड एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट, दोनने वाढलं की हजार पट. ५.४ च्या भूकंपात तुटणारा खडकाचा तुकडा चार-पाच किलोमीटर लांबीचा असतो आणि तो फार तर वीतभर सरकतो. समुद्रतळ वर-खाली होतो तो काही सेंटीमीटर, तोही एवढ्याशा जागेत. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप ९.१ चा होता: हजार किलोमीटरहून लांब भेग, समुद्रतळ काही मीटर उचललेला, आणि ऊर्जा तुमच्या अलर्टमधल्या भूकंपाच्या साडेतीन लाख पट. दोन्ही भूकंपांना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून मनात एकच चित्र उभं राहतं.

आणि नुसतं मॅग्निट्यूडही पुरत नाही. खडक कुठल्या दिशेने सरकला हे बघावं लागतं. त्सुनामीसाठी तळ वर किंवा खाली जायला हवा, म्हणजे वरचं पाणी सगळंच्या सगळं उचललं जातं. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या तर पाणी जवळजवळ जागच्या जागी राहतं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला, हिंद महासागराभोवतीच्या देशांत धावपळ उडाली आणि प्रत्यक्षात लाट आली ती मीटरभराच्या आसपास. कारण सरक आडवी होती. खुद्द कार्ल्सबर्ग रिजजवळ १५ जुलै २००३ ला ७.६ चा भूकंप झालाय, ऊर्जेने तुमच्या ५.४ च्या दोनेक हजार पट. तोही आडव्या सरकेचा. तुम्हाला तो आठवतो का? कोकणात कुणालाच आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नाही. या रांगेवरचे मोठे भूकंप बहुतेक आडव्या भेगांवरचे असतात आणि रिजच्या कण्यावरचे, जिथे तळ खाली बसतो, ते फार मोठे होऊच शकत नाहीत, कारण तडकणारा थर पातळ. म्हणून कार्ल्सबर्गचं नाव अलर्टमध्ये दिसलं की माझ्या पोटात गोळा येत नाही.

आता दिराचं जहाज. केंद्रबिंदूच्या अगदी वर असलेल्या जहाजाला समुद्राखालचा भूकंप जाणवू शकतो. खडकातली पी लहर पाण्यात शिरते आणि ध्वनीसारखी वर येऊन तळाच्या पत्र्यावर आदळते. खलाशी सांगतात की जहाज खडकाला घासल्यासारखं किंवा नांगराची साखळी धडधडत सुटल्यासारखं वाटतं. काही सेकंद, आणि संपलं. ५.४ ला हे अगदी जवळ असल्याशिवाय जाणवणार नाही, इंजिनाच्या आवाजात तर नाहीच. जाणवलं तर ब्रिजवर (जहाज चालवतात त्या कक्षात) पाण्याची खोली तपासतील, तळाच्या टाक्यांची पातळी मोजतील आणि लॉगबुकात नोंद करतील. त्याला विचारून बघा, पण 'काहीच कळलं नाही' हेच उत्तर येईल असं धरून चाला.

आणि खोल समुद्रात त्सुनामीची भीती जहाजाला नसतेच. २००४ ची लाट उघड्या हिंद महासागरातून जात असताना, भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी, जेसन-१ उपग्रहाने मोजली होती: उंची साठेक सेंटीमीटर, आणि ती शेकडो किलोमीटरवर पसरलेली. तिच्यावर बसलेल्या जहाजाला ती कळतसुद्धा नाही. चार किलोमीटर खोल पाण्यात ती तासाला सातशे किलोमीटरच्या वेगाने धावते, उथळ पाण्यात आली की मंदावते आणि तेव्हाच उंच होते. म्हणून खरा धोका बंदरात बांधलेल्या जहाजाला. वेळ हातात असेल तर कप्तान दोर सोडून बाहेर खोल पाण्यात जातात. घरच्यांना उलटं वाटतं, की समुद्रातला धोक्यात आणि बंदरातला सुखरूप. या पट्ट्यातल्या जहाजांना सूचना नॅव्हएरिया-८ (NAVAREA VIII) या सागरी सूचना-विभागातून जातात, त्याचं समन्वयन देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडे आहे. तुमच्या आधी ब्रिजवर कळेल, ही खात्री बाळगा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी आहेत, त्या झाकून ठेवत नाही. समुद्राखालचा उतार ढासळला तर लहान भूकंपही मोठी लाट उठवू शकतो. १७ जुलै १९९८ ला पापुआ न्यू गिनीत ७.० च्या भूकंपानंतर तसं झालं, दोन हजारांहून अधिक माणसं गेली. पण तिथे उतार किनाऱ्याला लागून होता आणि भूकंपही सातचा होता. मध्यसमुद्रातल्या ५.४ ला तो नियम लावता येत नाही. दुसरं, ५.४ नंतर त्याहून मोठा येण्याची शक्यता शून्य नसते. शंभरातल्या मोजक्या वेळा येतो. कार्ल्सबर्गवर आला तरी वर सांगितलेलं लागू होतंच. 'याने कोयनेत काही होईल का' असंही कुणी विचारेल. नाही. ५.४ चा ताण काही किलोमीटरच्या परिघात विरतो.

मग कोकणाने घाबरायचं ते कशाला? माझं मत विचाराल तर मकरानला. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याखाली अरबी समुद्राचा तळ उत्तरेकडे जमिनीखाली शिरतो; तिथे तळ उचलला जाईल असे मोठे भूकंप होऊ शकतात. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथे ८.१ चा भूकंप झाला. मुंबईत लाट पोहोचली सकाळी सव्वाआठच्या सुमारास, पाणी सुमारे दोन मीटर चढल्याच्या आणि पंधरा माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. वेळ पाहा: जवळजवळ पाच तास. अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, पण मुंबईसमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे, त्यामुळे लाट शेवटच्या टप्प्यात रेंगाळते. हे पाच तास म्हणजे तुमच्या हातातलं भांडवल. त्याची दुसरी बाजूही आहे: 'जमीन जोरात हलली तर उंचावर पळा' हा नियम अंदमानात जीव वाचवतो, पण मकरानच्या भूकंपात दापोलीत कपसुद्धा हलेल याची खात्री नाही. समुद्र अचानक खूप आत गेला तर उंचावर जायचं, हे मात्र इथेही लागू. बाकी कोकणात स्वतःच्या अंगावर विसंबून चालणार नाही. इशाऱ्यावरच विसंबावं लागेल.

तो इशारा भूकंपाच्या अॅपमधून येत नाही. तुमचं अॅप सांगतं भूकंप झाला. त्सुनामी येणार की नाही हे सांगण्याचं काम हैदराबादच्या इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) या संस्थेतल्या इशारा केंद्राचं, ते २००७ च्या ऑक्टोबरपासून चालतंय. हिंद महासागरात ६.५ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की ते पहिलं पत्रक काही मिनिटांतच काढतात, मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक प्रत्यक्ष पाणी हललं का ते दाखवतात. इशारे तीन पायऱ्यांचे: वॉर्निंग, अलर्ट, वॉच. तुमच्या तालुक्याचं नाव वॉर्निंगमध्ये आलं तरच घर सोडायचा प्रश्न येतो. अलर्टमध्ये आलं तर पुळणीवर जायचं नाही, होड्या बाहेर न्यायच्या नाहीत. वॉच म्हणजे बातम्यांवर लक्ष ठेवा, बस्स. तुमच्या ५.४ ला तर पत्रकसुद्धा निघत नाही, यातच उत्तर आलं.

म्हणून आता करायचं एवढंच. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन समुद्रातल्या भूकंपांसाठी किमान मॅग्निट्यूड ६.५ करा, जमिनीवरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, भूकंपांसाठी हवं तर ३.५ ठेवा, कारण तो तुमच्या घराखाली असू शकतो. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) अॅप वापरत असाल तर तिथे एक-दोन तासांनी तपासलेला आकडा पाहायची सवय ठेवा, पहिल्या मिनिटाचा नव्हे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 'समुद्रात भूकंप, खोली फक्त १० किमी' असं टाकलं, तर त्यांना आधी दोनच गोष्टी विचारा: मॅग्निट्यूड किती आणि मकरानला की दुसरीकडे? उत्तर 'साडेसहाच्या वर, मकरान' असं आलं, तर मला विचारत बसू नका. इन्कॉइसचं पत्रक उघडा आणि सासूबाईंची औषधं, घराची कागदपत्रं आणि वरच्या वाडीची वाट तयार ठेवा. पाच तास पुरेसे असतात, पण ते फोनवर घालवायचे नसतात.

दिराचा मेसेज आला तर इथे जरूर कळवा. जहाज नेमकं कुठे होतं आणि त्या वेळी ब्रिजवर कुणाला काही जाणवलं का, हे त्याने घड्याळाच्या वेळेसह सांगितलं तर मला खरंच उपयोग आहे. त्या पट्ट्यात आमचं एकही केंद्र नाही, आणि खलाशाने वेळ लिहून ठेवलेली असली तर ती कधी कधी यंत्राच्या नोंदीशेजारी ठेवता येते.